व्हायटनिंगनंतर दात दर वेळी आंबतात? आधी हे तपासा

तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई सुरू होते आणि माझ्या दातांच्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार यायला लागते. ती पार जूनपर्यंत थांबत नाही. शब्द इकडेतिकडे होतात, गाऱ्हाणं तेच: "साखरपुड्याआधी दात पांढरे करून घेतले. तेव्हा आठ दिवस शिणशिणले, मग थांबलं. आता लग्नाआधी परत केलं, तर गार पाणी सोडाच, तोंडानं श्वास घेतला तरी कळ येते. जिभेला दात खडबडीत लागतात. चहाचे डाग तर पूर्वीपेक्षा लवकर बसतात. इनॅमल गेलं का हो माझं?"

बहुतेकांचं इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण कवच, गेलेलं नसतं. वरचा थर थोडा मऊ पडलेला असतो. मऊ पडलेलं इनॅमल परत कडक होतं, पण झिजून गेलेलं परत येत नाही. म्हणून मऊ आहे तेवढ्यात ते घासून घालवायचं नाही, एवढी एकच खबरदारी घ्यायची असते. दर वेळी त्रास उलटतो तो इथेच. व्हायटनिंगनंतरचे पंधरा दिवस दाताला स्वस्थ बसू दिलं जात नाही.

आपल्या भाषेत या अवस्थेला आयता शब्द आहे: दात आंबणे. लहानपणी तिखट-मीठ लावून कैरी खाल्ली की संध्याकाळी पोळीसुद्धा चावता यायची नाही. कैरीतल्या आम्लानं इनॅमलच्या पृष्ठभागावरची थोडी खनिजं विरघळलेली असायची आणि जिथे मुळात इनॅमल पातळ, तिथे आतल्या थराला झोंबायचं. तेव्हा आपण काय उपाय करत होतो? काहीच नाही. आई मऊ वरणभात वाढायची, रात्र जायची, सकाळी दात ठीक. रात्रभरात ते काम लाळेनं केलेलं असायचं. व्हायटनिंगनंतरही मुख्य कारागीर तीच आहे. पेस्ट, क्रीम, वार्निश हे सगळे तिचे मदतनीस.

मऊ झालंय की झिजलंय?

इनॅमल वजनानं साधारण ९६ टक्के खनिज असतं. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे हायड्रॉक्सीॲपेटाइट नावाचे स्फटिक दाटीनं रचलेले असतात आणि शरीरात याहून कठीण दुसरं काही नाही. गोची अशी, की ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपून जातात. हाड मोडलं तर शरीर ते सांधतं, कातडी फाटली तर नवी येते. इनॅमलला ही सोय नाही. त्यामुळे "डॉक्टर, कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू का?" याचं उत्तर नाही असंच आहे. गोळीतलं कॅल्शियम रक्तात जाईल, पण उगवलेल्या दाताच्या इनॅमलपर्यंत पोचायला त्याला आतून वाट नाही. जे काही भरून यायचं ते बाहेरून, लाळेतून.

दवाखान्यात मी पहिली गोष्ट करते ती हवेची. दात आधी ओला बघायचा, मग हवेच्या पिचकारीनं चार-पाच सेकंद कोरडा करायचा. ओला असताना एकसारखा चमकणारा दात कोरडा होताच कधी कधी हिरडीच्या कडेनं खडूसारखी पांढुरकी, निस्तेज पट्टी दाखवतो. लाळेचा थेंब पडला की पट्टी गायब. फक्त कोरडेपणी दिसणारा असा डाग उथळ असतो आणि भरून येण्याची आशा चांगली असते. ओल्यातही दिसला तर मामला जरा खोल आहे.

झिजलेला दात वेगळा दिसतो. पुढच्या दातांची कड काचेसारखी आरपार, करडी-निळसर दिसते. दाढांच्या टोकांवर वाटीसारखे खळगे पडतात. दात पांढरा होण्याऐवजी उलट पिवळा दिसतो, कारण पातळ झालेल्या इनॅमलमधून आतलं पिवळसर डेंटिन डोकावतं. आणि गंमत म्हणजे हाच पिवळेपणा बघून माणूस पुन्हा व्हायटनिंग करायला येतो! अशा दाताला ब्लीच लावणं म्हणजे विरलेलं कापड बदडून धुणं.

घरी नखानं खरवडून कडकपणा कळत नाही, तेव्हा तो उद्योग करू नका. व्हायटनिंगनंतर एक-दोन दिवस जिभेला लागणारा खडबडीतपणाही मनावर घेऊ नका. दातावर लाळेतल्या प्रथिनांचं एक पातळ आवरण असतं. साफसफाई आणि ब्लीचिंगमध्ये ते निघून जातं, आणि दात कोरडाही पडलेला असतो. आवरण लगेच पुन्हा धरायला लागतं. पहिल्या दिवशी दिसणारे पांढरे ठिपकेही बहुधा कोरडेपणाचेच.

जेल नेमकं काय करतं

व्हायटनिंगसाठी दातांवर लावतात त्या जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड, ज्यातून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइडच सुटतं. १० टक्के कार्बामाइड म्हणजे सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. दातांच्या मापानं बनवलेल्या ट्रेमध्ये घालून रात्री वापरायची ही पद्धत १९८९ साली हेवूड आणि हायमन यांनी मांडली आणि आजही ती सर्वांत सौम्य समजली जाते. खुर्चीत बसवून तासाभरात करतात त्यात मात्र २५ ते ४० टक्क्यांपर्यंतचं जेल असतं. पेरॉक्साइड इनॅमलमधून झिरपतं, आत रंग धरून बसलेल्या रेणूंची मोडतोड करतं आणि दात उजळ दिसतो. ते काही मिनिटांत दाताच्या नसेपर्यंतही पोचतं. शिणशिण मुख्यतः त्यामुळे होते. म्हणजे कळ येते याचा अर्थ इनॅमल गेलं, असा होत नाही. नस तात्पुरती चिडलेली असते आणि काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत ती शांत होते.

मग कडकपणाचं काय? प्रयोगशाळेत काढलेल्या दातांवर जेल लावून सूक्ष्म टोचणीनं कठीणपणा मोजतात. त्यात तो थोडा घटलेला दिसतो, जेल आम्लधर्मी असेल तर जास्त. तेच दात लाळेत ठेवले किंवा त्यांना फ्लोराइड लावलं की बराचसा भरून येतो. 'ब्लीचिंगनं दात खलास' असे मथळे फिरतात तेव्हा हा दुसरा भाग गाळलेला असतो. पण पहिला भागही खोटा नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड आम्लात जास्त टिकतं, म्हणून काही जेल मुद्दाम आम्लधर्मी ठेवलेली असतात. तेव्हा करून घेण्याआधी विचारा: जेलचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, किती? (आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त.) सातच्या आसपास असेल तर बरं. इनॅमल साधारण ५.५ च्या खाली विरघळायला लागतं. निळा दिवा आहे की नाही हे विचारायची गरज नाही. दिव्यानं दात तापतो, सुकतो, आणि फोटो छान येतो.

मग दर वेळी का उलटतं?

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी आली. लग्नाला पाच आठवडे, वर्षभरातलं तिसरं व्हायटनिंग नुकतंच दुसरीकडे झालेलं. मी अशा प्रत्येकाला सांगते, येताना घरचा ब्रश, पेस्ट आणि तोंडाला लावता ते सगळं पिशवीत घालून आणा. तिनं पिशवी टेबलावर ओतली. आधी ब्रश बाहेर पडला: 'हार्ड' लिहिलेला, केस दोन्ही बाजूंना झुडपासारखे फाकलेले.

"किती महिने झाले याला?"

"महिने कुठले मॅडम, तीन आठवडे."

तीन आठवड्यांत ब्रशची ही गत होते, तर दाताची काय होत असेल. पाठोपाठ काळी कोळशाची पेस्ट. मग खायच्या सोड्याची पुडी, लिंबात कालवून लावायला. शेवटी गुलाबी बाटलीतलं क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश, "दातांना संरक्षण म्हणून." दिनक्रम विचारला. सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्यात लिंबू-मध, कारण लग्नाआधी वजनही उतरवायचं होतं. आणि ते पिऊन लगेच ब्रश, म्हणजे तोंड ताजं.

सगळं कोडं इथेच सुटलं. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या घरात असतो. पाण्यानं तो थोडा वर येतो, पण ५.५ पर्यंत नाही. म्हणजे इनॅमलचा वरचा थर रोज सकाळी मऊ करायचा आणि त्याच मिनिटाला कडक ब्रश व कोळसा घेऊन तो खरवडायचा. व्हायटनिंगनं मऊपणात थोडी भर घातली, इतकंच. खापर मात्र सगळं जेलवर.

कोळशाच्या पेस्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आजीच्या डब्यातली राखुंडी ती हीच, ट्यूबमध्ये घालून दसपट भावात विकलेली. आजीचे दात 'शेवटपर्यंत शाबूत' होते हे मला रोज ऐकावं लागतं. असतील. राखुंडी किंवा मिश्री लावणाऱ्या ज्या आज्या आमच्याकडे येतात, त्यांच्या दातांना हिरडीपाशी आडव्या खाचा असतात. मिश्रीत तर जाळलेला तंबाखू, म्हणजे तो धोका वेगळाच.

सोडा-लिंबाचंही तसंच. दोन्ही एकत्र केले की फसफसतं आणि एकमेकांचा जोर मारतात. लिंबू जास्त पडलं तर आम्ल उरतं, सोडा जास्त पडला तर नुसता सोडा. सोडा एकटा तसा निरुपद्रवी आहे, फार खरखरीतही नाही. लिंबू नाही. आणि क्लोरहेक्सिडिन हे हिरडीचं औषध. काही आठवडे वापरलं की दातांवर तपकिरी डाग चढतात. व्हायटनिंगनंतर स्वतःच्या मनानं ते सुरू करणं म्हणजे पैसे देऊन डाग विकत घेणं.

लिंबूपाणी नसेल तर इतर संशयित बघा. कैरीचं पन्हं, कोकम सरबत, चिंचेच्या गोळ्या, शीतपेयं, गाडी चालवताना घोट-घोट घेतलेलं एनर्जी ड्रिंक. किती पिता यापेक्षा किती वेळा तोंडाला लावता ते जास्त नडतं. आम्ल पोचल्यावर लाळेला तोंड पुन्हा ताळ्यावर आणायला अर्धा-पाऊण तास लागतो. दर वीस मिनिटांनी घोट घेतलात तर तिला ती संधीच मिळत नाही. पन्हं पिऊ नका असं मी म्हणणार नाही, मेमध्ये ते पाप आहे. एका बैठकीत प्या, वर साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरा, आणि तासभर ब्रशला हात लावू नका.

दोन कारणं नजरेतून सहज सुटतात. रात्री छातीत जळजळ होऊन आंबट पाणी वर येणाऱ्यांचे दात आतल्या, जिभेकडच्या बाजूनं झिजतात. त्यांनी आधी पोटाचा डॉक्टर गाठावा. आणि ज्यांचं तोंड कोरडं पडतं, म्हणजे ॲलर्जीच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणारे, झोपेत तोंडानं श्वास घेणारे, त्यांच्याकडे कारागीरच अपुरा आहे. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, पाणी जवळ ठेवा, बिनसाखरेचं च्युइंग गम चघळा. चघळलं की लाळ सुटते.

कडकपणा परत आणायचा कसा

पहिले दोन दिवस आंबट आणि रंगीत दोन्ही बंद. दात सुकलेला असतो आणि रंग पटकन पितो. चहा, कॉफी, रेड वाईन यांच्याइतकीच आपली हळद घातलेली भाजी आणि रस्साही यात आला. दूधभात, इडली, पनीर, साधा भात-तूप यावर दोन दिवस निघतात. ब्रश मऊ घ्या, मुठीत आवळून नाही तर पेन धरल्यासारखा तीन बोटांत धरा.

रात्रीचं ब्रशिंग हे खरं औषध. फ्लोराइडची पेस्ट वापरा, थुंका, आणि पाण्यानं चूळ भरू नका. हे सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे संशयानं बघतो. पण चूळ भरली की फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. थोडं दातावर राहिलं तर लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट स्फटिकांत परत बसायला मदत होते, आणि नव्यानं जे बसतं ते आम्लाला मूळच्याइतकी सहज दाद देत नाही: पीएच ५.५ ऐवजी साधारण ४.५ पर्यंत तग धरतं. म्हणून नीट भरून आलेला पृष्ठभाग पहिल्यापेक्षा चिवट निघू शकतो. झोपेत लाळ कमी सुटते, तेव्हा ही शिदोरी रात्रीच बांधून द्यायची.

ट्यूबची मागची बाजू वाचा. भारतात पेस्टमधलं फ्लोराइड १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) वर चालत नाही, त्यामुळे छापलेला आकडा त्याच्या जवळपास हवा. अनेक 'हर्बल' पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. चव छान, फेस छान, पण या कामाला उपयोग नाही. 'व्हायटनिंग' लिहिलेल्या पेस्ट निदान महिनाभर बाजूला ठेवा, त्यातल्या बऱ्याच घासून डाग काढतात.

शिणशिण जास्त असेल तर ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची सेन्सिटिव्ह पेस्ट. ती नसेला शांत करते, इनॅमल कडक करत नाही. हे दोन वेगळे विभाग आहेत आणि लोक गल्लत करतात. तिला गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून ती व्हायटनिंगच्या पंधरा दिवस आधी सुरू करावी. दोन्ही काम एकाच ट्यूबनं व्हावं असं वाटत असेल तर नायट्रेट आणि फ्लोराइड दोन्ही असलेली शोधा.

यापुढची पायरी म्हणजे सीपीपी-एसीपी क्रीम. दुधातल्या केसिनपासून बनवलेलं हे मिश्रण कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेल्या स्वरूपात दाताला चिकटवून ठेवतं. मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनल्ड्स यांच्या कामातून ते पुढे आलं. रात्री ब्रश झाल्यावर वाटाण्याएवढं बोटावर घेऊन दातांवर फिरवायचं, दोन-तीन मिनिटं राहू द्यायचं, जास्तीचं थुंकायचं आणि तसंच झोपायचं. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल त्यांनी हात लावू नये. नॅनो-हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या, म्हणजे इनॅमलमधल्याच खनिजाचे अतिसूक्ष्म कण घातलेल्या, पेस्टही मिळतात. जपानमध्ये हा घटक १९८० पासून पेस्टमध्ये आहे. मी त्या नाकारत नाही, पण खिसा बघून निवडायचं झालं तर आधी साधी फ्लोराइड पेस्ट नीट वापरा. महागडं क्रीम लावून सकाळी लिंबूपाणी पिणारे मी पुष्कळ पाहिलेत.

दवाखान्यात होण्यासारखं म्हणजे फ्लोराइड वार्निश, दातांवर लावायचा चिकट लेप. त्यात २२,६०० पीपीएम फ्लोराइड असतं, म्हणून ते आमच्याच हातून लावून घ्या. दोन मिनिटांचं काम. त्या रात्री ब्रश नाही, जेवण मऊ. एक सांगून ठेवते: जुन्या पद्धतीचं वार्निश पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत दात पिवळे दिसतात. एवढा खर्च करून दात पांढरे केलेल्या माणसानं आरशात ते बघितलं की फोन येतोच. रंगहीन वार्निशही मिळतं, ते मागा.

वर सांगितलेल्या मुलीच्या बाबतीत आम्ही एवढंच केलं: पिशवीतलं सगळं कचऱ्यात, मऊ ब्रश, फ्लोराइड पेस्ट, एकदा वार्निश, लिंबूपाण्याऐवजी नुसतं कोमट पाणी. दहा दिवसांत गार पाण्याची कळ थांबली. तीन आठवड्यांनी दात वाळवून पाहिला तेव्हा हिरडीकडची पांढुरकी पट्टी पुसट झाली होती. खालच्या दोन दातांच्या कडा मात्र आधीच आरपार झाल्या होत्या. त्या तशाच आहेत.

तरीही थांबत नसेल तर

कळ एकाच दाताला येत असेल, गरम लागल्यावर बराच वेळ रेंगाळत असेल किंवा रात्री आपोआप ठणका लागत असेल, तर हे व्हायटनिंगचं दुखणं नाही. खाली कीड, तडा किंवा गळकी सिमेंटची फट असते आणि जेल तिथून सरळ आत गेलेलं असतं. एक्स-रे काढून घ्या. हिरडी सरकून मूळ उघडं पडलं असेल तर तिथे इनॅमल नसतंच, तो भाग पांढराही होत नाही, शिणशिणतो मात्र सगळ्यात जास्त. ट्रे कापताना तो भाग वगळायला सांगा.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत विहीर-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे वाढलेल्यांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे असतात आणि त्यांना व्हायटनिंगची ओढ साहजिकच जास्त. या दातांत पृष्ठभागाखाली इनॅमल सच्छिद्र असतं. ब्लीचनं तपकिरी फिकट होतं, पण पांढरे ठिपके आधी उठून दिसतात. त्यावर उतारा म्हणून डोस वाढवू नका, डॉक्टरशी दुसऱ्या पद्धतींबद्दल बोला. आणि "आम्हाला तर फ्लोराइडनंच हे झालं, मग पेस्ट फ्लोराइडची कशी?" हा रास्त प्रश्न आहे. ते डाग दात हिरडीच्या आत घडत असताना, लहानपणी पोटात गेलेल्या फ्लोराइडचे. मोठेपणी वरून लावून थुंकलेल्या पेस्टनं नवे पट्टे येत नाहीत.

तारखांचं गणित उलटं मांडा. हळदीच्या निदान तीन आठवडे आधी व्हायटनिंग संपलेलं हवं. सुरुवातीला दात जरा जास्तच पांढरा दिसतो, पुन्हा ओलावा धरला की खरा रंग पंधरा दिवसांत ठरतो. पुढच्या दाताचं तुटलेलं टोक किंवा फट भरायची असेल तर तेही या दोन आठवड्यांनंतरच, कारण दातात उरलेला ऑक्सिजन निघून जाईपर्यंत कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं सिमेंट, नीट चिकटत नाही आणि रंगही जुळत नाही. जुन्या कॅप आणि सिमेंट ब्लीचनं पांढरे होत नाहीत, ते बदलायचे तर त्याच वेळी. आणि पुढचं टचअप वर्षभर तरी नको. वाटलंच तर घरच्या ट्रेमध्ये १० टक्क्यांचं जेल, दोन-तीन रात्री, बस.